चालत्या इंजिनाची बॅटरी

बाबांच्या नाकात नळी, नळी मशीनला, मशीन भिंतीतल्या प्लगला. कामठ्याच्या आमच्या घरात बाबा असे बांधलेले होते. उमेदीची सगळी वर्षं राईस मिलमध्ये भुशाची धूळ छातीत भरून घेतली आणि म्हातारपणी त्या छातीनंच हात टेकले. हवेतून प्राणवायू वेगळा काढून देणारं मशीन घरात आलं आणि रात्रंदिवस फुस्स-फुस्स करायला लागलं. नळी अंगणापर्यंत पुरायची, फाटकापर्यंत नाही. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि बिरसीच्या विमानशाळेची छोटी विमानं डोक्यावर घिरट्या घालायची ती बघत राहायचे. "हे पोट्टे पाहा, अजून शिकूनच राहिले, तरी उडून राहिले," ते म्हणायचे, "अन मी इथं खुंट्याले!"

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. माझं काम गाड्यांमधल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचं. ट्रॅक्टर, टेम्पो, ई-रिक्षा यांच्या पोटात जी लहान-लहान सर्किटं असतात ती मी डिझाइन करते, आणि ती जळू नयेत याचा बंदोबस्त करते. आधी पुण्यात होते. बाबांना मशीन लागलं तेव्हा बाडबिस्तरा उचलून परत आले. काम तेच राहिलं, फक्त टेबल धानाच्या कोठीशेजारी आलं. शेजारची काकू सगळ्यांना सांगते, "पोरगी गाडीचे फ्यूज बनवते." सुरुवातीला मला राग यायचा. मग म्हटलं, जाऊ दे, माझ्या सायबापेक्षा तरी काकूला माझं काम जास्त कळलंय.

लोकांना वाटतं गाडीतली वीज म्हणजे गरीब गाय. बारा व्होल्टची बॅटरी, दोन्ही टोकांना हात लावला तरी काही होत नाही. अहो, गाय कसली! इंजिन फिरतं तेव्हा त्याला जोडलेला डायनामो वीज बनवत असतो आणि ती बॅटरीत जात असते. पाटाचं पाणी बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पडतं ना, तसं. आता बांधीचं तोंड कोणी एकदम बुजवलं तर पाणी काय करेल? धुऱ्याचा बांध फोडून निघेल. चालत्या इंजिनावर बॅटरीची तार सुटली की अगदी हेच होतं. डायनामोला कळत नाही की घेणारा निघून गेला. तो आपला देतच राहतो, आणि बारा व्होल्टच्या तारेत क्षणभर शंभराच्या आसपासची लाट उठते. पापणी लवते न लवते तेवढ्यात ती येते आणि जाते. त्या तारेवर जे जे नाजूक बसलेलं असेल, ते ते खलास.

ही लाट मी पहिल्यांदा पुण्याच्या प्रयोगशाळेत पाहिली. मुद्दाम लाट बनवणारं एक यंत्र होतं. बटण दाबलं की पडद्यावरची सपाट रेघ अचानक उभी राहायची आणि मग हळूहळू उतरत जायची. इतकी वर्षं झाली, तरी ती रेघ उभी राहिली की माझ्या अंगावर काटा येतो. आणि त्याहून मोठा काटा येतो तो तिला अडवणाऱ्याला पाहून. चिंचोक्याएवढा काळा डायोड असतो. तो एरवी काहीच करत नाही. गाडी धावते, थांबते, म्हातारी होते, आणि हा नुसता बसून असतो. पण वीज मर्यादेबाहेर चढली रे चढली की तो स्वतःच्या अंगातून वाट काढून देतो आणि ती सगळी लाट जमिनीकडे, म्हणजे गाडीच्या लोखंडाकडे, उतरवून टाकतो. त्याला विचार करायला वेळ लागत नाही. मला चहात साखर टाकायची की नाही हे ठरवायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

पुण्यातली मंडळी म्हणायची, हे सगळं नियमात आहे म्हणून करायचं, बाकी चालत्या इंजिनाची बॅटरी काढतो कोण? मी मनात म्हणायचे, या एकदा आमच्याकडे. आमच्या भागात एक चांगली बॅटरी अख्ख्या टोलीला, म्हणजे वस्तीला, पुरते. एकाची जीप सुरू करायची, इंजिन धडधडायला लागलं की तार काढायची, बॅटरी खांद्यावर घ्यायची आणि दुसऱ्याच्या ट्रॅक्टरकडे चालायला लागायचं. डिझेलचं जुनं इंजिन, त्याला एकदा सुरू झालं की बॅटरीची गरज नाही. आडवाटेला गाडी बंद पडली आणि कोणी बॅटरी मागितली, तर नाही म्हणणारा माणूस इकडे सापडणार नाही. ही चांगुलपणाची रीत आहे. आणि गाडीतल्या सर्किटाच्या दृष्टीनं याहून भयंकर रीत दुसरी नाही. माझा आतेभाऊ तर या कामात पटाईत. त्याची जुनी जीप देवरी ते चिचगड सवाऱ्या मारते, आणि त्या जीपमधला टेप, घड्याळ, पंखा, सगळं कधीच मरून गेलेलं आहे. "कंपनीचा मालच खराब," तो सांगतो.

तर दिवाळीच्या आधी चिचगडहून आत्याचा फोन आला. आत्या बाबांची मोठी बहीण, या आतेभावाची आई. मागे पडली, कमरेचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून खाटेवरून उठली नाही. दर भाऊबिजेला बाबा तिच्याकडे जायचे. मशीन आल्यापासून ते बंद झालं. फोन मी स्पीकरवर ठेवला होता.

"दोन वर्स झाले भाऊ, मी ताट मांडतो अन तसंच उचलून ठेवतो," आत्या म्हणाली. "औंदा येजो. पुढच्या वर्साचा मले भरोसा नाई."

संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, "मले चिचगडले ने."

"बाबा, मशीनचं काय?"

"तं एवढी शिकली कायले?"

घ्या!

भीती मला होतीच, आणि ती उगाच नव्हती. मागे एकदा गावची लाईट गेली आणि नेमका इन्व्हर्टरनंही दगा दिला. सिलिंडरची चावी फिरवून नळी जोडेपर्यंत बाबांचे ओठ जांभळे झाले होते आणि त्यांनी माझा हात असा धरला होता की बोटांचे वळ उठले. ते जांभळे ओठ मी विसरलेले नाही. गोंदियाच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी बराच वेळ कागद पाहिले आणि म्हणाले, "ले जाइए, लेकिन मशीन रुकनी नहीं चाहिए." छोटं मशीन आणि एक लहान सिलिंडर सोबत ठेवायला सांगितलं. सिलिंडर म्हणजे नुसता धीर. चिचगडच्या जंगलात मशीन बंद पडलं असतं, तर परत देवरी गाठायलाही तो पुरला नसता.

मग मी डबा बनवायला घेतला. जीपमधून वीज घ्यायची, ती स्वच्छ करायची, छोट्या मशीनला द्यायची. मध्ये स्वतःची छोटी बॅटरी, म्हणजे जीपनं दगा दिला तर काही वेळ डबाच मशीन चालवेल. आणि सगळ्यांच्या पुढे, अगदी दारात, तो चिंचोका. नोकरीत मी शेकडो वेळा हेच आखलं होतं. पण या वेळी तारेच्या दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टरचा मीटर नव्हता, माझा बाप होता. सोल्डरचा एकेक टाका घालताना हात थांबायचा. झाल्यावर मी टेबलावर त्या डब्याला नाही नाही ते केलं. लाटा मारल्या, तारा उलट्या लावल्या, उन्हात ठेवला, हलवला, आपटला. बाबा खुर्चीवरून बघत होते. म्हणाले, "मारून टाकशील वो त्याले!"

डब्यातून एक लांब वायर काढली आणि तिच्या टोकाला दोन बारीक दिवे लावले, जीपमध्ये माझ्या डोळ्यांसमोर राहावेत म्हणून. हिरवा दिवा म्हणजे मशीनला वीज मिळते आहे. लाल दिवा म्हणजे लाट आली होती आणि डब्यानं ती अडवली. लाल एकदा लागला की मी बटण दाबेपर्यंत विझणार नाही, असं केलं होतं. आलेलं संकट मला कळलंच नाही, असं नको होतं.

भाऊबिजेच्या सकाळी आतेभाऊ जीप घेऊन आला. बाबा नवा सदरा घालून पहाटेपासून तयार. डबा जोडला, हिरवा लागला, बाबांची नळी भिंतीपासून सुटली. मी आतेभावाला समोर उभं करून सांगितलं, "भाऊ, नीट ऐक. एक, वाटेत इंजिन बंद करायचं नाही. दोन, आज बॅटरीला हात लावायचा नाही. कोणी देव जरी मागायला आला तरी नाही."

"अवो बाई, कितींदा सांगशील? मी का लहान आहो?"

आमगाव गेलं, देवरी गेलं. शेतांमध्ये धान कापून पडलं होतं, कुठे कुठे भाऱ्यांचे पुंजणे रचून झाले होते. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते. कोणत्या तलावात किती पाणी आहे, कोणाच्या बांधीत कोणतं धान आहे, हा पूल केव्हा झाला, ते मोहाचं झाड कोणी तोडलं. तोंडाला खळ नाही. दोन वर्षांचं बघायचं राहिलेलं एका दिवसात बघून घेत होते. मी मात्र झाडं पाहिली नाहीत की तलाव. मी हिरवा दिवा पाहत होते.

देवरीच्या पुढे जंगल लागलं. बाबांच्या गोळ्यांची वेळ झाली म्हणून एका बोरिंगपाशी जीप थांबवली. इंजिन सुरूच होतं. बाबांचा डोळा लागला होता. मी बाटली घेऊन बोरिंगवर गेले, दांडा मारायला लागले. थोडं पुढे एक ट्रॅक्टर उभा होता, ट्रॉलीत नवे कपडे घातलेली माणसं, बायका, पोरं. कुठल्यातरी गावच्या मंडईला निघालेली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि पाव्हण्यांनी घरं फुटायला येतात. ट्रॅक्टरवर भोंगा बांधलेला होता. गाणी वाजवून वाजवून बॅटरी बसली होती, हे न विचारताच कळत होतं. ट्रॅक्टरवाला आतेभावाशी बोलत होता. मला वाटलं, रस्ता विचारत असेल.

बाटली भरून वळले तर जीपचं बॉनेट उघडं, आणि आतेभावाच्या हातात पाना.

"भाऊ! नको! भाऊ!"

मी इतक्या जोरात ओरडले की ट्रॉलीतली माणसं उभी राहिली. पण त्यानं तार उचललेली होती. तडकन ठिणगी उडाली. इंजिनाचा आवाज किंचित बदलला आणि पुन्हा होता तसा झाला. बस्स. एवढंच. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच झालं नाही. पण मला ती रेघ दिसली. भर उन्हात, रस्त्यावर, ती सपाट रेघ उभी राहिलेली मला दिसली.

बाटली कुठे पडली ठाऊक नाही. मी धावले. दार उघडलं. आधी ओठ पाहिले.

ओठ जसेच्या तसे होते. मशीन फुस्स-फुस्स करत होतं. समोर दोन दिवे लागलेले होते, हिरवा आणि त्याच्या शेजारी लाल.

बाबांनी डोळे उघडले. "काऊन ओरडून राहिली वो? झोप मोडली ना."

आतेभाऊ बॅटरी खांद्यावर घेऊन उभा. चेहऱ्यावर एवढंसंही पाप नाही. "काय झालं? इंजन तं चालूच हाये! तूच म्हणे ना इंजन बंद नको करजो म्हणून. मामासाठीच चालू ठेवलं मी!"

"आणि बॅटरीला हात लावू नको म्हटलं ते? ते कोणाला सांगितलं होतं, बोरिंगला?"

"अवो, लोक अडले होते. लेकरं हायेत ट्रॉलीत. नाई कसा म्हणू?"

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याच्या हातातला पाना हिसकला. तो त्याच्याच डोक्यात घालावा असं वाटत होतं. ट्रॉलीतली एक म्हातारी तोंडाला पदर लावून बघत होती. बाबांनीच मला थांबवलं. "देऊ दे त्यायले बॅटरी. सण हाये. लोकं मंडईले जाऊन राहिले."

राग होता, पण बाबा सांगत होते ते खरं होतं. मी डब्याची वायर जीपमधून काढून घेतली. आता मशीन डब्याच्या स्वतःच्या बॅटरीवर होतं आणि जीपमध्ये काही झालं तरी बाबांपर्यंत पोचणार नव्हतं. मग म्हटलं, ने. ट्रॅक्टर सुरू झाला, बॅटरी परत आली, मी वायर पुन्हा जोडली, ट्रॉली गेली. भोंगा पुन्हा वाजवू नका असं ओरडून सांगितलं, तर त्यांनी पुढच्या वळणावरच लावला.

जीप निघाली. मी डबा मांडीवर घेतला. दारात चिंचोका होता त्या बाजूला बोटं लावली. ती बाजू गरम होती. एवढीशी ऊब, ताप आलेल्या लेकराच्या कपाळाएवढी. पडद्यावर मी ही लाट किती वेळा पाहिली होती! दर वेळी मोजलं, लिहिलं, चहा प्यायला गेले. पण आज ती लाट माझ्या बापाकडे निघाली होती आणि या मुठीतसुद्धा हरवेल एवढ्या वस्तूनं ती आपल्या पोटात घातली होती. बाबांचा श्वास चुकला नाही. त्यांची फक्त झोप मोडली, तीही माझ्या ओरडण्यानं. मी आखलेलं, मी जोडलेलं, आणि तरी मला ते खरं वाटत नव्हतं. मला रडू आलं. भीतीचं नव्हतं ते. इतकं लहान काहीतरी इतकं मोठं करू शकतं, हे डोळ्यांसमोर घडलं की माणसाला दुसरं काही सुचतच नाही.

लाल दिवा मी विझवला नाही. बटण दाबायचं मनात आलंच नाही.

चिचगडला आत्याची खाट छपरीत होती. बाबा उतरले, मशीन आणि डबा आम्ही मागून धरून आणला. गावात लाईट ये-जा करत होती, म्हणून मी मशीन डब्यावरच राहू दिलं. आत्यानं बाबांना पाहिलं आणि त्यांचा हात धरून ठेवला. मग डोळे पुसून म्हणाली, "कसा आला गा येवढ्या दूर?"

"श्वास घेत आलो," बाबा म्हणाले.

सून ताट घेऊन आली. कुंकू, तांदूळ, सुपारी, निरांजन. आत्यानं पडल्यापडल्याच काडेपेटी उचलली.

"आत्या, थांब!" मी जवळजवळ तिच्या अंगावरच पडले. "दिवा नाही लावायचा. बाबांच्या नळीतून जे येतं त्याच्याजवळ आग आली तर भडका उडतो."

"दिव्याबिगर भाऊबीज? असं कोण्या गावात होते वो?"

"आत्या, खरंच सांगते. नाही चालणार."

तिनं काडेपेटी खाली ठेवली. तोंड एवढंसं झालं. दोन वर्षं मांडून उचललेलं ताट, आणि भाऊ समोर बसलेला असताना दिवा नाही. बाबाही खाली बघायला लागले. तेवढ्यात आत्याची नजर वायरीच्या टोकाकडे गेली.

"हा लाल कायचा जळून राहिला? हा नाई भडकत?"

"नाही, त्याला आग नसते." आणि मग मी तिला सांगितलं. "वाटेत बाबांवर एक संकट आलं होतं, आत्या. या डब्यानं ते स्वतःच्या अंगावर घेतलं. ते कळावं म्हणून हा दिवा लागतो." आतेभाऊ खांबाला टेकून उभा होता, तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला.

आत्या दिव्याकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे. "मंग ओवाळणं म्हणजे दुसरं काय असते बाई? भावाची पिडा काढून घ्याची. यानं तं ते वाटेतच केलं."

तिनं निरांजन ताटातून काढून बाजूला ठेवलं. "दे तो इकडे."

मी वायरीचं टोक ताटात, निरांजनाच्या जागी ठेवलं. सुनेनं आत्याच्या पाठीला हात देऊन तिला उठवून बसवलं. वायर पुरत नव्हती, म्हणून मी डबा छातीशी धरून खाटेजवळ वाकून उभी राहिले. आत्यानं बाबांना कुंकू लावलं आणि ताट फिरवलं. बाबांच्या तोंडावरून लाल उजेड फिरत होता आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नळीवरून, मिशांवरून, नव्या सदऱ्यावर. त्यांनी ते पुसलं नाही.

ताट खाली ठेवून आत्या उशीवर टेकली.

"झालं," ती म्हणाली. "आता विझव तो."

मी बटण दाबलं. लाल दिवा गेला, हिरवा तेवढा राहिला, आणि बाबा श्वास घेत राहिले.